विंध्य, सातपुडा आणि सातवा सोबती

प्रवास हे शिक्षणाचे उत्तम साधन आहे, हे वाक्य निबंधाच्या वहीत आम्ही दोघा भावंडांनी अनेकदा लिहिले आहे. त्याबद्दल आम्हांस गुणही मिळाले आहेत. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ गेल्या उन्हाळ्यात आम्हांस कळला, आणि तो एका चुकीमुळे कळला. ती चूक आमची होती व तिचे फळ दुसऱ्यानेच भोगले. म्हणून केवळ रम्य स्थळांचे वर्णन न करता, त्या प्रवासात भूगोल व विज्ञान यांचा जो धडा आम्हांस मिळाला, तोच येथे क्रमाने मांडण्याचे योजिले आहे. आमच्या शाळासोबत्यांना त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

आमचे गाव गौतमपुरा. इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलीतील हे लहानसे गाव दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे दूरवर ठाऊक आहे. हिंगणबेटाचे कठीण कवचाचे फळ पोखरून त्यात दारू भरतात, तोंड मातीने लिंपतात, त्यास कामटी बांधतात, आणि गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ व रुणजीचा ‘कलगी’ हे दोन पक्ष ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. परंतु गावाच्या नावाची कथा याहून निराळी आहे. सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून हे नाव पडले. मल्हाररावांचा जन्म १६९३ सालचा. लहानपणीच पितृछत्र हरपल्यावर त्यांची आई त्यांना घेऊन खानदेशातील तळोदे येथे आपल्या भावाकडे गेली. तेथे मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाने ते वाढले, आणि पुढे मामांची कन्या गौतमा हिच्याशीच त्यांचा विवाह झाला. म्हणजे तळोदे हे गौतमाबाईंचे माहेर.

योगायोग असा, की आमच्या आजीचे माहेरही तळोद्याजवळच्याच एका खेड्यातले. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. “एकदा सातपुड्याचे दर्शन घडवा, मग माझे काही मागणे नाही,” असे ती दोन वर्षे म्हणत होती. तेव्हा वैशाखात गौतमपुऱ्याहून तळोद्यास व तेथून तोरणमाळास मोटारीने जावे, असे बाबांनी ठरविले. आजी, बाबा, आई, काका आणि आम्ही दोघे, अशी सहा माणसे झाली. काकांच्या मोटारीत आसने सात होती.

प्रश्न उभा राहिला तो मोत्याचा. सहा वर्षांपूर्वी हिंगोटांच्या धडाक्याने भेदरलेले एक पिलू आमच्या ओट्याखाली येऊन दडले व तेथेच राहिले. तोच हा मोत्या. जातीने शुद्ध गावठी, रंगाने तांबूस, कानाने तिखट. त्याला शेजाऱ्यांकडे बांधून ठेवावे असा विचार पुढे आला. आजीने तो क्षणात निकालात काढला. “पांडव हिमालयात निघाले, तेव्हा पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा होता. आपणही सहाच आहोत. तो येणार नसेल तर मीही येत नाही.” यावर कोणाचा इलाज चालला नाही. त्याला अलर्कप्रतिबंधक लस टोचलेली होतीच. तिचा दाखला बरोबर घेतला, आणि प्रवासात मोत्याची सर्व जबाबदारी आम्हां दोघांवर सोपविण्यात आली. ती आम्ही मोठ्या अभिमानाने पत्करली.

पहाटे चार वाजता निघण्याचा बेत होता. प्रत्यक्षात निरोप, चहा, पुन्हा उघडलेल्या पेट्या आणि पुन्हा बांधलेली गाठोडी यांत आठ वाजले. त्या चार तासांची किंमत पुढे काय पडली, ते यथाक्रम येईलच.

देपालपूर, बेटमा, पीथमपूर असे करीत आम्ही आग्रा–मुंबई महामार्गास लागलो. येथवरचा प्रदेश माळव्याच्या पठाराचा. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीचे हे पठार दक्षिणेतील काळ्या कातळाचेच उत्तरेकडील अंग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला व थरावर थर साचत गेले. त्या खडकाची झीज होऊन आपली काळी जमीन बनली. महू ओलांडल्यावर मानपूरच्या अलीकडे जानापावचा डोंगर दिसतो. त्याची उंची ८५४ मीटर. आमच्या गावाजवळून वाहणारी चंबळा नदी येथेच उगम पावते.

या ठिकाणी बाबांनी मोटार थांबवून आम्हांस एक प्रश्न घातला. “येथे पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर ते पुन्हा भेटतील काय?” आम्ही नकाशा उघडला. उत्तरेस उतरलेला थेंब चंबळेतून यमुनेस, यमुनेतून गंगेस व शेवटी बंगालच्या उपसागरास मिळतो. दक्षिणेस उतरलेला थेंब नर्मदेतून अरबी समुद्रास जातो. हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांमध्ये शेवटी सबंध भारतवर्षाचे अंतर पडते. यालाच जलविभाजक म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या आम्ही पाठ केली होती. येथे तिच्यावर उभे राहिलो. मोत्यानेही खाली उतरून दोन्ही बाजूंचा वास निःपक्षपातीपणे घेतला.

मानपूर सोडल्यावर रस्ता विंध्याचा कडा उतरू लागतो. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट हा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर अवजड मालमोटारींचे गतिरोधक निकामी होतात, हे त्याचे एक मोठे कारण. ते का निकामी होतात, याचे गणित पुढे शाळेत आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी आमच्याकडून करवून घेतले. ते येथेच देतो. वीस टनांची मालमोटार ३०० मीटर खाली उतरते असे समजू. वस्तुमान २०,००० किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ३०० यांचा गुणाकार ५ कोटी ८८ लक्ष जूल इतका येतो. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर यांतील बहुतेक सर्व ऊर्जा गतिरोधकांत व इंजिनात उष्णतेच्या रूपाने प्रकट होणार. इतक्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे २०० लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता जितक्या त्वरेने उत्पन्न होते, तितक्याच त्वरेने हवेत गेली पाहिजे. ती न गेली तर लोखंड तापते आणि गतिरोधकाची पकड सुटते. म्हणूनच जाणता चालक उतारावर खालचा गियर घालतो व इंजिनाकडून आपला वेग आवरून धरतो. गतिरोधकावर सर्व भार तो टाकीत नाही.

‘उष्णता जितकी येते, तितकी बाहेर गेली पाहिजे,’ हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही ते ध्यानात ठेवले असते, तर पुढील प्रसंग ओढवला नसता. परंतु तेव्हा ते आम्हांस ठाऊक नव्हते.

घाट उतरला की निमाड लागतो. पठाराच्या कडेपासून नर्मदेच्या पात्रापर्यंत आपण सुमारे चारशे मीटर खाली येतो. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते, व दर शंभर मीटरांस तिचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते. म्हणजे माळव्यात ३८ अंश असतील, तर निमाडात सहज ४२ अंश होतात. शिवाय उत्तरेस विंध्य व दक्षिणेस सातपुडा अशा दोन भिंतींमध्ये ही दरी सापडलेली. खरगोन व त्याच्या आसपासचा मुलूख वैशाखात मध्य प्रदेशातील अत्यंत उष्ण प्रदेशांत गणला जातो तो यामुळेच. पहाटे चारला निघालो असतो, तर सकाळच्या थंड वेळी आम्ही ही दरी ओलांडून गेलो असतो. आठला निघाल्यामुळे, वाटेत थांबत थांबत, ऐन दुपारी बाराच्या सुमारास खलघाटला पोहोचलो.

नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवणासाठी थांबलो. आजीला धरून आत नेले. आत गर्दी होती, व कुत्र्यास आत घेणे बरे दिसेना. मोटार एका निंबाच्या सावलीत उभी होती. काचा दोन बोटे उघड्या ठेवून आम्ही दोघे मोत्याला म्हणालो, “बैस हं, आलोच.” वाढप्यास उशीर झाला. भूक लागली होती, गप्पा रंगल्या होत्या. अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. त्या अर्ध्या तासात सूर्य आपल्या वाटेने पुढे सरकला होता, आणि निंबाची सावली मोटारीवरून निघून गेली होती.

परत येऊन पाहतो तो मोत्या दोन आसनांच्या मध्ये आडवा पडलेला. जीभ गर्द लाल, तोंडातून चिकट लाळ गळत होती, धापा इतक्या वेगाने चालल्या होत्या की मोजता येऊ नयेत. हाक मारली तेव्हा डोळे उघडे होते, परंतु ते आम्हांस पाहत नव्हते. उचलून बाहेर ठेवताच त्याचे मागचे पाय लटपटले व तो कोसळला.

आमच्यापैकी एकाने गडबडीने पाण्याचा पेला त्याच्या तोंडात ओतण्यास आरंभ केला. तोच समोरच्या झाडाखाली मेंढ्या बसवून विसावलेला एक वृद्ध मेंढपाळ धावत आला व त्याने पेला बाजूस सारला. “तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. अंगावर ओता. पोटावर, जांघेत, पायांच्या तळव्यांवर.” ढाब्याच्या मागे विंधनविहिरीची नळी होती. काकांनी मोत्याला उचलून तेथे नेले. आम्ही बादलीमागून बादली त्याच्या अंगावर ओतीत राहिलो, आई पदराने वारा घालीत होती, आणि आजी बाजूस उभी राहून एकही शब्द बोलत नव्हती. तिचे ते न बोलणे आम्हांस फार जड गेले.

दहा-बारा मिनिटांनी मोत्याने मान उचलली, व मग स्वतःच बादलीतले पाणी थोडे चाटले. त्या मेंढपाळाची दोन कुत्री नळीच्या पाटाजवळ ओली माती उकरून, त्या खळग्यात पोट टेकून निवांत पडली होती. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ही मोकळी आहेत, म्हणून यांना कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्याला कोंडले, तो काय करील?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ओल्या अंगानेच मोत्याला घेऊन, सर्व काचा उघड्या ठेवून, आम्ही जवळच्या गावातील पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी तापमापक लावला. इतके पाणी ओतल्यावरही पारा १०४ अंश फॅरनहाइटवर होता. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश, म्हणजे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. त्यांनी शिरेतून सलाइन दिले, आणि पारा १०३ वर येताच पाणी घालणे थांबविण्यास सांगितले, कारण त्यापुढे थंड करीत गेल्यास शरीर उलट फार निवून जाते. “आधी थंड केलेत व मग आणलेत, हे बरे केलेत. तसेच उचलून धावत आला असता, तर कदाचित हाती काही लागले नसते. तथापि आज प्रवास नको. वरून बरा दिसला तरी मूत्रपिंड, यकृत यांस इजा झालेली असू शकते. एक-दोन दिवस लक्ष ठेवा.”

येथे क्षणभर थांबून, मोटारीत नेमके काय घडले याचा विचार करू. मनुष्याच्या सर्वांगावर घर्मग्रंथी आहेत. घामाच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी थंड होते ते याच नियमाने. कुत्र्याला मात्र अशा ग्रंथी केवळ पायांच्या तळव्यांवर असतात, व त्यांचा उपयोग नाममात्र. त्याचा माठ म्हणजे त्याची जीभ, तोंड व नाकपुड्यांचा आतील भाग. स्वस्थ असता मिनिटास वीस-तीस वेळा श्वास घेणारा कुत्रा उन्हात मिनिटास दोनशे-तीनशे वेळा धापा टाकतो, व त्या ओल्या पृष्ठावरून वारा खेळवून बाष्पीभवन साधतो. सपाट नाकाच्या कुत्र्यांस तो मार्ग मुळातच अपुरा असतो, म्हणून ती उन्हात लवकर आजारी पडतात. मोत्यासारखे लांब नाकाचे, आखूड केसांचे गावठी कुत्रे त्या मानाने काटक. परंतु काटकपणालाही मर्यादा आहे.

आता बंद मोटार पाहा. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आसने तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते, आणि ती तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही. दोन बोटे उघडी ठेवलेली काच यात फारसा फरक करीत नाही. घरी परतल्यावर आम्ही उन्हात उभ्या केलेल्या रिकाम्या मोटारीत तापमापक ठेवून पाहिला, तेव्हा दहा मिनिटांतच पारा दहा अंश चढला होता. खलघाटला बाहेरच ४२ अंश होते. भोवतीची हवा शरीराहून अधिक तप्त झाली, की तिच्याकडून उष्णता घ्यावी लागते, तिला देता येत नाही. उरतो तो बाष्पीभवनाचा एकच मार्ग. परंतु मोत्याच्याच धापांतील वाफेने ती कोंडलेली हवा दमट होत गेली. आषाढात दमट हवेमुळे माठ नीट थंड होत नाही, हे आपण पाहतोच. तसाच मोत्याचा माठ चालेनासा झाला. उष्णता येत राहिली. बाहेर जाण्याचे दार बंद झाले. घाटातील मालमोटारीचा गतिरोधक व मोटारीतील मोत्या यांची अवस्था एकाच नियमाने झाली होती.

त्या दिवशी पुढे न जाता आम्ही महेश्वरास मुक्काम केला. १७६७ साली अहल्याबाईंनी हे आपल्या राज्यकारभाराचे ठिकाण केले, व १७९५ साली येथेच त्यांचे देहावसान झाले. त्याही पूर्वी, १७३४ साली, पेशव्यांनी गौतमाबाईंस जी खासगी जहागीर दिली, तीत महेश्वरचा समावेश होता. म्हणजे आमच्या गावास जिने नाव दिले, तिच्याच एका जुन्या मिळकतीत आम्ही त्या रात्री आश्रयास होतो. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या निवल्यावर आजी तेथे बसली. मोत्या तिच्या पायांशी पडून होता. आम्ही दोघे थोडे दूर बसलो होतो. जवळ जाण्याचे धैर्य होत नव्हते.

शेवटी तिनेच हाक मारली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “होळकरांचे कुलदैवत खंडोबा. त्याच्या मूर्तीपाशी घोडा असतो, तसा कुत्राही असतो. देवाने जवळ ठेवले ते शोभेसाठी नव्हे. जो आपल्या भरवशावर बरोबर येतो, त्याचा भरवसा मोडू नये, एवढेच.” आम्ही दोघांनी त्या रात्री पाळीपाळीने जागून मोत्याचे श्वास मोजले. मध्यरात्री ते मिनिटास अठ्ठावीस होते. पहाटे त्याने शेपटी हलविली. त्या वेळच्या आमच्या आनंदाचे वर्णन करीत नाही.

आणखी एक दिवस विसावा घेऊन, पशुवैद्यांची अनुमती मिळाल्यावर, या वेळी मात्र ठरल्याप्रमाणे पहाटे चार वाजता निघालो. खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडली तेव्हा आकाशात तारे होते. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी पश्चिमवाहिनी आहे. भारतीय द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस जातात. नर्मदा व तापी मात्र पश्चिमेस जातात, कारण भूकवचास भेगा पडून खचलेल्या लांबट पट्ट्यांतून त्यांचे मार्ग गेले आहेत. जुलवानिया मागे पडले, सेंधव्याचा भुईकोट किल्ला गेला, आणि सूर्य उगवता उगवता आम्ही सातपुड्यातील बिजासन घाटात होतो. बिजासनी मातेचे देऊळ येथेच आहे. मध्य प्रदेशाची सीमा येथे संपते, आणि घाट उतरला की खानदेश लागतो.

या वाटेवर भूमीबरोबर भाषाही कशी उतरत जाते, हे ऐकण्यासारखे आहे. घरून निघताना कानी माळवी होती. नर्मदेकाठी ती निमाडी झाली. सेंधव्याच्या बाजारात बारेला व भिल्ल लोकांच्या बोली ऐकू आल्या. शिरपूर येताच आजीची अहिराणी सुरू झाली, व तिचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला. यांतील कोणतीही बोली एखाद्या ठरावीक मैलाच्या दगडापाशी थांबत नाही. राज्याची सीमा कागदावर रेषेने काढता येते; बोलीची सीमा तशी काढता येत नाही.

शिरपूर व शहादे यांमधून केळी व पपईच्या बागा पाहत, ऊन तापण्यापूर्वी आम्ही तळोद्यास पोहोचलो. वाटेत दर तासाने थांबत होतो. प्रत्येक थांब्याला रस्त्याच्या डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकून पाहत होतो. हात ठेववेना, तर मोत्याला गवतावरच उतरवीत होतो, कारण आपण वहाणा घालतो, तो घालीत नाही. एका शेताच्या बांधावर आजीने काटेरी झाड दाखविले, ते हिंगणबेटच होते. गौतमपुऱ्यात ज्या फळाचा बाण होतो, ते येथे मुकाट्याने सावली देत उभे होते. मोत्या त्याच्याच सावलीत बसला. त्याला काही आठवले असेलसे वाटत नाही.

आजीचे माहेरचे घर आता पूर्वीचे उरलेले नाही. परंतु अंगणातून उत्तरेस सातपुडा तसाच दिसतो. त्यात अस्तंभ्याचे १,३२५ मीटर उंचीचे शिखर आहे. अश्वत्थाम्याचे ते स्थान मानून दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. आजी पुष्कळ वेळ त्या दिशेस पाहत उभी राहिली. तिने काय आठवले ते आम्ही विचारले नाही.

दोन दिवसांनी, उन्हे कलल्यावर, शहाद्यावरून तोरणमाळास निघालो. पावरा व भिल्ल लोकांच्या पाड्यांमधून वळणे घेत रस्ता चढतो. वर यशवंत तलावाच्या काठी सुमारे १,१५० मीटर उंचीवर पोहोचलो, तेव्हा अंगावर शहारा आला. मोत्यानेही आपला पाठ बदलला. निमाडात तो अंग ताणून, पोट जमिनीस लावून पडत असे. येथे त्याने चार पाय पोटाशी घेतले, नाक शेपटीखाली खुपसले व वेटोळे केले. अंग ताणले की हवेस अधिक पृष्ठभाग लागतो व उष्णता लवकर जाते. वेटोळे केले की पृष्ठभाग घटतो व ती टिकते. आमच्या वहीत जे सूत्र रूपाने आहे, ते मोत्याच्या अंगी होते. त्याला हवे होते ते एवढेच, की आपल्या जागेची निवड त्यास करता यावी. ती निवड आम्ही त्याच्याकडून काढून घेतली, हाच आमचा अपराध.

त्या रात्री आजीने महाप्रस्थानाची कथा सांगितली. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन व भीम क्रमाने पडले. युधिष्ठिर व तो कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, परंतु कुत्र्यास सोडून रथात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच असल्याचे उघड झाले. ही कथा आम्हांस लहानपणापासून पाठ होती, व घरून निघताना तिचाच दाखला देऊन आम्ही मोत्याला बरोबर घेतले होते. परंतु युधिष्ठिराने कुत्रा बाहेर ठेवून रथात चढण्याचे नाकारले. आम्ही कुत्रा रथात ठेवून सावलीत जेवावयास गेलो. कथा पाठ असणे निराळे, आणि ती वेळेवर आठवणे निराळे.

प्रवासास निघणाऱ्या आमच्या सोबत्यांस एवढेच सांगावयाचे आहे. मुका प्राणी बरोबर असेल, तर पहाटे निघावे आणि दुपारी थांबावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास त्यास भरपूर खाऊ घालू नये. पाणी मात्र वारंवार द्यावे. उभ्या मोटारीत त्यास क्षणभरही एकटे कोंडू नये. कोणीतरी एकाने मागाहून जेवावे. धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, चाल लटपटली, तर प्रथम अंगावर पाणी, मग वारा, मग वैद्य, हा क्रम विसरू नये. आणि सावली पाहून गाडी उभी केली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण सूर्य स्थिर दिसला तरी सावली चालत असते.

मोत्या आज सुखरूप आहे. हा लेख लिहीत असता तो ओट्यावर, ओल्या मातीत, स्वतः निवडलेल्या जागी पडून आहे.

स्वाध्याय : १. जानापावच्या दोन उतारांवर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांचा समुद्रापर्यंतचा मार्ग नकाशावर दाखवा. २. तीस टनांची मालमोटार २०० मीटर खाली उतरली, तर किती उष्णता उत्पन्न होईल, ते काढा. ३. दोन तापमापक घ्या. एकाच्या पाऱ्याच्या फुग्यास ओले फडके गुंडाळा. दोहोंतील फरक वैशाखात व आषाढात नोंदवा, आणि मोत्याला कोणत्या महिन्यात अधिक जपावे लागेल, याचे कारणासह उत्तर द्या.